मालक बाहेर गेल्यात

मोटारसायकल बोळात शिरली तेव्हाच माझा शिलाई मशीनवरचा पाय थांबला. पुढे निघून गेली तर देव पावला, थांबली तर आपल्याच दारात. ती थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला.

“आत्या,” मी दबक्या आवाजात म्हटलं, “आले.”

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आमच्याकडे तशी रीतच आहे. त्या उंबऱ्याच्या आत लसूण निवडत बसल्या होत्या. कोण आलं, काय आलं, त्यांनी काही विचारलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मला आत जा म्हणून खुणावलं. मी माझ्या पोरीला, तेजूला, दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि धान्याच्या पिंपामागं बसवलं. तिला काही सांगावं लागत नसे. मोटारसायकल आली की बोलायचं नाही, हे ती पाढ्यांच्या आधी शिकली होती.

“वैजयंता सुतार इथंच राहतात का?” बाहेरून पुरुषाचा आवाज आला.

“व्हय. काय पायजे?”

“चौकशीला आलोय. घरात कोण कोण असतं?”

“मी हाय, सून हाय, नात हाय.”

“आणि मालक?”

आत्यांचा आवाज एकदम ठणठणीत झाला. “मालक भाईर गेल्यात. गाडी घिऊन गेल्यात. येतील आत्ता.”

हे ऐकलं की दर वेळी मला जरा धीर यायचा आणि त्याच वेळी अंगावर काटाही यायचा. कारण मालक म्हणजे माझा नवरा महादेव, आणि त्याला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

“बाईंना जरा बाहेर बोलवा,” तो म्हणाला.

जावंच लागलं. दारात एक पोरगेला माणूस उभा होता, हातात हेल्मेट, काखेत फाईल. मी चौकटीला धरून उभी राहिले. त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं, गळ्याकडं पाहिलं. मग अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांकडं पाहिलं. ते गिऱ्हाइकांचे होते, कॉलर उलटवायला आलेले. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, “बरंय” म्हणाला आणि गेला. पैशाचं नावसुद्धा काढलं नाही.

“बघितलंस?” आत्या परत लसणापुढं बसत म्हणाल्या. “मालक हाय म्हटलं की शेपूट घालून जात्यात.”

मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी मी तेजूला गूळ-शेंगदाणे दिले, इतकं मला हलकं वाटलं होतं.

आमचं कर्ज काही फार मोठं नव्हतं, पण आमच्या मानानं ते डोंगराएवढं होतं. महादेवनं जुना टेम्पो घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा माझं होतं नव्हतं तेवढं सोनं मोडलं आणि कमी पडले ते पैसे मी बायकांच्या गटातून फायनान्सवाल्यांकडून उचलले. टेम्पो सहा महिने चालला. मग कर्नाटकातल्या एका घाटात तो दरीत गेला, महादेवसकट. आत्या तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला दवाखान्यात होत्या. माझा भाऊ आणि चुलतदीर गेले आणि आणण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून तिकडंच अग्नी देऊन आले. आत्या डोळ्याला पट्टी लावून घरी आल्या तेव्हा दहावा होऊन गेला होता. तेराव्याचा स्वयंपाक त्यांनी स्वतः केला. डोळ्यातून टिपूस काढला नाही. बाई धीराची, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, कारण घरात कुणीतरी धीराचं असणं मला फार गरजेचं होतं. मी मुळातच भित्री.

मग निराधारची पेन्शन मिळाली. विधवा म्हणून मला महिन्याला हजार आणि म्हातारपणाची म्हणून आत्यांना हजार. गटाचा हप्ता सोळाशेचा. माझी पेन्शन आली की ती सरळ हप्त्याकडं जायची, वरचे सहाशे मी शिलाईतून उभे करायचे, आणि आत्यांच्या पेन्शनवर तेल, मीठ, लाइटबिल आणि तेजूची वह्यापुस्तकं. रेशनचे गहू-तांदूळ होतेच. हिशोब बसायचा, पण तो दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा बसायचा. एखाद्या महिन्यात कुणाला खोकला झाला की सगळं हलायचं.

मधे दोन हप्ते मागं पडले होते. तेव्हा फायनान्सचा एक माणूस सकाळपासून आमच्या पायरीवर येऊन बसला. दिवसभर बसला. ऊन कललं तेव्हा उठताना माझ्याकडं बघून म्हणाला, “मालक न्हाईत तर काय झालं, तुम्ही हायसाच की.” आणि हसला. त्यात शिवी नव्हती, काही नव्हतं. पण ते हसणं मला अजून आठवतं. आत्या आत गेल्या आणि ट्रंकेतून माझं मंगळसूत्र घेऊन आल्या. सोन्याच्या वाट्या कधीच्या मोडल्या होत्या, नुसते काळे मणी उरले होते. त्यांनी बाजारातून पितळी वाट्या आणून ओवल्या.

“घाल,” म्हणाल्या. “कुंकू बी लाव.”

“लोक काय म्हणतील, आत्या?”

“लोक तुझा हप्ता भरत्यात काय? घाल.”

त्या दिवसापासून मालक बाहेर गेले आणि येतील आत्ता, हे सुरू झालं. अनोळखी माणूस दारात आला की आत्या तेच सांगायच्या. भांडीवाला असो, मतं मागायला आलेला असो. मला ती त्यांची हुशारी वाटायची. गावात कुजबुज झाली, पण आमच्या तोंडावर कुणी बोललं नाही, कारण आत्यांच्या तोंडाला लागणं सोपं नव्हतं.

तो मोटारसायकलवाला येऊन गेला त्याच्या पुढच्या महिन्यात माझी पेन्शन आली नाही.

बँकेत गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, आजींची जमा आहे, तुमची नाही. उशीर झाला असेल म्हणून दोन दिवसांनी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, “ताई, तहसीलला जाऊन विचारा. आमच्या हातात काय आहे?”

तहसीलच्या पेन्शन टेबलावरच्या कारकुनानं माझं नाव कॉम्प्युटरवर बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. तसंच, कपाळापासून गळ्यापर्यंत.

“तुमची बंद केलीय,” तो म्हणाला.

“का?”

“दुसरं लग्न केलंय ना तुम्ही?”

मी पासबुक त्याच्यापुढं सरकवलं.

“तलाठ्यांचा अहवाल आहे. घरी जाऊन पाहणी केली. लाभार्थीच्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू, अंगणात पुरुषाचे कपडे. पती गाडी घेऊन बाहेर गेल्याचे सासूने सांगितले.” त्यानं वाचून दाखवलं. “नवीन तलाठी भाऊसाहेब आलेत तुमच्या गावाला. कडक आहेत.”

तो हेल्मेटवाला पोरगा माझ्या डोळ्यांपुढं आला. तो तलाठी होता! आम्ही मोठ्या अकलेनं फायनान्सवाला समजून त्याला पळवून लावला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

“अहो, ते खोटं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “आम्ही घाबरून…”

“सरकारी माणसाला खोटं सांगितलं?”

मी पदर पुढे ओढून कुंकू झाकलं.

“हे बघा,” तो जरा आवाज उतरवून म्हणाला, “सुनावणी होईल. नायब तहसीलदार मॅडमपुढं. मृत्यूचा दाखला आणा. आणि ज्यांनी सांगितलं त्या सासूबाईंना घेऊन या. त्यांचा जबाब लागेल. त्यांनी जर तेच सांगितलं ना, तर आत्तापर्यंत घेतलेली सगळी पेन्शन वसूल होईल. वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. आजींची पेन्शनपण मग बघावी लागेल.”

वसूल. एक कर्ज फिटता फिटेना, तर हे दुसरं.

त्या महिन्याची गटाची मीटिंग अक्काताई चौगुलेंच्या घरी, पुढच्या सोप्यात होती. अक्काताई आमच्या गटप्रमुख, आवाजानं आणि अंगानंही भक्कम. आमच्या गटाची पद्धत अशी की सगळ्यांचे पैसे गोळा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकीनं भरले नाहीत तर बाकीच्यांनी भरायचे. कर्ज घेताना सगळ्या उभं राहून तशी शपथ घेतात, अगदी शाळेतल्या प्रार्थनेसारखी. मी माझे सहाशे रुपये पुढे ठेवले आणि मान खाली घालून बसले.

“वरचं?” अक्काताईंनी विचारलं.

“पेन्शन थांबलीय.”

फायनान्सचे सर टॅब मांडीवर घेऊन घड्याळाकडं बघत बसले. बाहेर कुणाचंतरी दूध उतू गेल्याचा वास येत होता, पण ते बघायला उठायचीही कुणाला मुभा नव्हती. शेवटी एकेकीनं पदराच्या गाठी सोडल्या. कुणी शंभर दिले, कुणी दीडशे. देताना कुणी माझ्याकडं बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सर गेल्यावर अक्काताईंनी मला मागं थांबवून घेतलं.

“वैजू, एक इचारू? खरं सांग. कोण हाय का?”

“कोण म्हणजे?”

“अगं, सासू गावभर सांगत सुटलीया मालक भाईर गेल्यात, मालक येतील. गळ्यात हे. दोरीवर शर्टं. असंल कोण तर असू दे बाई, तुझं वय तरी काय. पर मग पेन्शनीचं आम्हाला सांगू नगंस.”

“अक्काताई, तेजूची शपथ. कुणी नाही.”

त्यांनी गटाची वही मिटली. मग म्हणाल्या, “बरं. ह्या येळंला भरलं. म्होरल्या येळंला न्हाई जमायचं. तवा मी मशीन आणून माझ्या सोप्यात ठेवीन, आणि मला वाईट बी वाटंल. पर ठेवीन. आमच्या बी घरात चूल हाय.”

मी मान हलवली. त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच सगळ्यात भीतीचं होतं.

घरी आल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. तलाठी, अहवाल, वसुली, गुन्हा, मशीन. आत्या ऐकताना पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होत्या.

“म्हंजे माझ्यामुळं झालं,” त्या म्हणाल्या.

“तसं नाही, आत्या. पण आता तुम्हाला तिथं खरं सांगावं लागणार. एवढंच म्हणायचं, माझा मुलगा वारला, सुनेनं दुसरं लग्न केलेलं नाही. बास.”

“म्हणीन की.”

“मग म्हणून दाखवा.”

“आता कशाला? तिथं म्हणीन की गं.”

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं आणि बांगड्या उतरवल्या. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एकदा त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं काहीतरी बोलणार. पण त्या वळून चपला शोधायला लागल्या.

एसटीत खिडकीशी बसवलं त्यांना. मी पुन्हा घोकून घ्यायला लागले. आत्या, मॅडम विचारतील मुलगा कुठं, तुम्ही म्हणायचं वारला. आत्या बाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होत्या.

“आत्या, ऐकताय ना?”

“ऐकतोय की. भैरी न्हाई मी.”

“मग एकदा म्हणा.”

“किती ऊस हाय बघ यंदा,” त्या म्हणाल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तसं माझं झालं होतं. मला वाटायला लागलं की वय झालं, यांना आठवणारच नाही, तिथं गेल्यावर भलतंच बोलतील. मृत्यूचा दाखला मी पिशवीत दहादा चाचपला. कागद मेलेल्या माणसाचा, आणि त्याला मी सोन्यासारखा जपत होते.

तहसीलच्या व्हरांड्यात त्या दिवशी मोठी रांग होती. हयातीचे दाखले देण्याचे दिवस होते. म्हाताऱ्या, विधवा, काठ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळ्या भिंतीला लागून बसल्या होत्या. आपण जिवंत आहोत एवढं दाखवायला आल्या होत्या. आमचं नाव पुकारलं तसं आम्ही त्यांच्या पायांतून वाट काढत आत गेलो.

मॅडम चाळिशीच्या असतील. टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा बाजूला सारलेला होता. आवाज दमलेला होता, पण वाकडा नव्हता. त्यांनी दाखला पाहिला, शिक्का पाहिला.

“हे ठीक आहे. पहिले पती वारलेत. प्रश्न पुढचा आहे.” त्या आत्यांकडं वळल्या. “आजी, बसा. घाबरू नका. तलाठी आले होते तेव्हा तुम्ही सांगितलंत, मालक बाहेर गेलेत. कुणाबद्दल सांगितलंत?”

“ल्योकाबद्दल.”

“म्हणजे महादेव. तुमचा मुलगा.”

“व्हय.”

मला सुटल्यासारखं झालं. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणायला लागले, वारला, वारला, म्हणा आत्या.

“मग आता सांगा, मुलगा कुठं आहे तुमचा?”

आत्यांनी टेबलावरच्या काचेकडं बघितलं.

“भाईर गेलाय,” त्या म्हणाल्या. “गाडी घिऊन. येईल आत्ता.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला. मी त्यांच्या कोपराला चिमटा घेतला, अगदी जोरात.

“आजी,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “दाखल्यात लिहिलंय की तुमचा मुलगा वारला. मग हा गाडी घेऊन गेलेला कोण?”

“महादूच की. दुसरा कोण असंल?”

“आत्या!” मी ओरडले. “काय बोलताय? काय शिकवलं होतं तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तेव्हा मला ते ऐकू आलं, म्हणजे त्यांचा आवाज. आमच्या दारात त्या हे वाक्य ठणकावून म्हणायच्या, परक्या माणसाला हाकलायला. इथं हाकलायचं कुणी नव्हतं. इथं त्यांनी ते हळू सांगितलं होतं, आपण शेजारणीला घरातली गोष्ट सांगतो तसं. त्या खोटं बोलत नव्हत्या. दीड वर्षात एकदाही बोलल्या नव्हत्या. कोरड्या डोळ्यांनी रांधलेलं तेरावं, माझ्या गळ्यात परत घातलेले मणी, येतील आत्ता. मला वाटलं होतं हे सगळं त्या माझ्यासाठी, फायनान्सवाल्यांसाठी करतात. त्यांनी मुलाला जाताना पाहिलं नव्हतं. जळतानाही पाहिलं नव्हतं. तो गेला असं त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं, आणि ते मी त्यांच्याकडून हजार रुपयांसाठी वदवून घ्यायला निघाले होते.

मॅडम म्हणाल्या, “ताई, यांचा जबाब असाच लिहावा लागला तर माझा नाइलाज आहे. वसुलीची नोटीस निघेल. पुन्हा विचारू का?”

माझ्या डोळ्यांपुढं मशीन होतं, अक्काताईंचा सोपा होता, पिंपामागं गप्प बसलेली तेजू होती. एवढी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. आणि त्या भीतीतच मी म्हणाले, “नका विचारू, मॅडम. राहू दे. यांना नका विचारू. काय वसूल करायचं ते माझ्याकडनं करा. मशीन विकते मी.”

मॅडमनी पेन उचललं.

“थांबा,” आत्या म्हणाल्या.

त्या माझ्याकडं बघत होत्या, ऑपरेशन झालेल्या त्या पाणेरी डोळ्यांनी. “मशीन इकून खाशील काय? पोरीला काय घालशील?”

“बघीन मी, आत्या. चला घरी.”

“काय बघशील. भित्री भागूबाई तू.” त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. “लिवा, बाई.”

“काय लिहू, आजी?”

“माझा ल्योक महादेव,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ नुसते हलत राहिले. कारकुनानं उठून पंखा बंद केला, का कोण जाणे. “माझा ल्योक मेला म्हणून लिवा. गाडी दरीत गेली. मी बघितलं न्हाई त्याला, पर मेला. सून एकटी हाय. तिनं लगीन केलेलं न्हाई. ते मणी मी घातल्यात तिला, माझ्यासाठी. तिला कोण न्हाई.”

मॅडमनी लिहिलं. वाचून दाखवताना त्या एका शब्दावर अडल्या आणि तो गाळून पुढे गेल्या. शाईच्या पॅडवर आत्यांचा अंगठा मीच धरून टेकवला. तो थंडगार होता. पुढच्याच महिन्यात पेन्शन सुरू झाली, मागचीही मिळाली, आणि दीड वर्षानं गटाचं कर्ज फिटलं तेव्हा अक्काताईंनी मला पेढा भरवला. पण ते सगळं नंतरचं.

आम्ही व्हरांड्यात आलो. आत्या दहा पावलं चालल्या असतील, रांगेच्या मधोमध आल्या आणि खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी वाकले तेवढ्यात त्यांनी छातीवर हात मारला आणि हंबरडा फोडला. “महादू! माझ्या राजा रं!” तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मयताच्या घरी ऐकू येतो तो आवाज, पण आमच्या घरी तो कधी आलाच नव्हता. टायपिस्ट, वकील, चहावाला, सगळे वळून बघायला लागले. शिपाई “अहो काय चाललंय” म्हणत धावत आला आणि जवळ येऊन मागं सरला.

रांगेतल्या बायका उठल्या. कुणी त्यांना सांगितलं नाही. नंबर जाईल म्हणून सकाळपासून जागा धरून बसलेल्या त्या म्हाताऱ्या रांग मोडून आमच्याभोवती गोल बसल्या. एकीनं आत्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. एकीनं बाटलीतलं पाणी पदराला लावून त्यांच्या तोंडावरून फिरवलं. एक तर ओळख ना पाळख, त्यांच्याबरोबर गळा काढून रडायला लागली. मीही खाली फरशीवर बसले आणि दीड वर्षाचं सगळं बाहेर आलं.

मांडीवर डोकं घेतलेली बाई माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “कोण गेलं, पोरी?”

“यांचा मुलगा,” मी म्हटलं. “माझा नवरा.”

“आगं आई गं. कवा गेला?”

मी दाखल्यावरची तारीख सांगणार होते. पिशवी मांडीवरच होती.

“आज,” मी म्हणाले.